पदवीला मान्यता, शिकणाऱ्याला मात्र हप्ते

सप्टेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जाहीर केलं की, मान्यताप्राप्त विद्यापीठातून दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने घेतलेली पदवी वर्गात बसून घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची मानावी. २०२० च्या नियमावलीत ही तरतूद आधीच होती. ती पुन्हा ठासून सांगावी लागली, यावरूनच अशा पदव्यांकडे किती संशयाने पाहिलं जात होतं ते कळतं. आयोगाची भूमिका योग्य होती. पण ही बरोबरी पदवीच्या कागदावरच थांबली. पदवी मिळवायला पैसा कुठून आणायचा हा प्रश्न आला की सरकार, बँका आणि विद्यापीठं यांच्या डोळ्यांसमोर आजही एकच विद्यार्थी असतो: बावीस-तेवीस वर्षांचा, घरची जबाबदारी नसलेला, दिवसभर कॉलेजात आणि रात्री वसतिगृहात राहणारा. बाकीच्यांनी आपापलं पाहावं, असाच या व्यवस्थेचा अर्थ होतो. आर्थिक मदत शिकणाऱ्याच्या गरजेकडे पाहून द्यायला हवी, तो कुठे बसून शिकतो हे पाहून नको, असं माझं मत आहे.

ऑनलाइन एमए, एमकॉम, एमबीए, एमसीए करणारे कोण असतात ते आजूबाजूला पाहिलं तरी दिसतं. तासिका तत्त्वावर शिकवणारे तरुण, पतसंस्थेत कारकुनी करणारे, कंत्राटावर डेटा एंट्री करणारे, पदवी झाल्या झाल्या लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेलेल्या मुली, अंथरुणाला खिळलेल्या आईवडिलांना सोडून पुण्याला जाऊ न शकणारे. यातल्या बहुतेकांना पूर्णवेळ एमए नको होतं असं नाही. त्यांना ते शक्य नव्हतं. पदव्युत्तर विभाग बहुतांशी जिल्ह्याच्या गावी किंवा विद्यापीठाच्या आवारात. तिथे जायचं म्हणजे खोली, मेस, प्रवास आणि बुडालेला पगार. यातला बुडालेला पगार हा सगळ्यात मोठा खर्च असतो, आणि तो कुठल्याही शुल्कपत्रकात छापलेला नसतो.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात 'कमवा आणि शिका' उभं केलं, ते कष्ट करणाऱ्या मुलाला शिक्षणाच्या दारातून परत पाठवू नये म्हणून. यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना आर्थिकदृष्ट्या मागास कुटुंबांतल्या मुलांना फीमाफी मिळू लागली आणि 'ईबीसी' हा शब्द खेड्यापाड्यांत रुळला. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारे शिक्षण सुरू केलं. १९८९ मध्ये नाशिकला मुक्त विद्यापीठ निघालं, त्याला नाव दिलं गेलं ते याच यशवंतरावांचं. घरी राहून, काम करून शिकणाऱ्यासाठी या राज्याने एके काळी देशात पुढे राहून विचार केला होता. ती दृष्टी आजच्या शिष्यवृत्तीच्या नियमांत मला दिसत नाही.

नियम प्रत्यक्ष काय म्हणतात ते पाहू. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती ही राज्याची मोठी योजना. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी तिची अट अशी की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे 'कॅप राउंड'मधून झालेला हवा, आणि खासगी किंवा अभिमत विद्यापीठांना ती लागू नाही. जुलै २०२४ मध्ये राज्याने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना व्यावसायिक शिक्षणाचं शुल्क पूर्ण माफ केलं. त्या निर्णयाचं मी मनापासून स्वागत केलं होतं. पण तिथेही प्रवेश कॅपमधूनच हवा, आणि खासगी व अभिमत विद्यापीठं वगळलेली. ऑनलाइन एमबीएला कॅप राउंड नसतो, प्रवेश विद्यापीठ थेट देतं. ऑनलाइन अभ्यासक्रम चालवणाऱ्यांत खासगी आणि अभिमत विद्यापीठांची संख्या मोठी आहे. म्हणजे नोकरी करत, मूल सांभाळत एमबीए करू पाहणारी मुलगी, उत्पन्नाच्या आणि जातीच्या सगळ्या अटींत बसूनही, पहिल्याच पायरीवर बाहेर पडते.

निर्वाहाचं गणितही तसंच आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मोठ्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मदत मिळते. ही अत्यंत गरजेची योजना आहे, तिच्यातला एक रुपयाही कमी होऊ नये. पण जो मुलगा गाव सोडत नाही, ज्याच्यासाठी राज्याला खोली-जेवणाचा खर्चच येत नाही, त्याला एक साधा लॅपटॉप, वर्षभराचं नेट आणि परीक्षेच्या केंद्रापर्यंतचं एसटीचं भाडं देणारी सोय मात्र नाही. गाव सोडून शहरात येणाऱ्याला आधार आणि गावात राहून शिकणाऱ्याला काही नाही, हे धोरण म्हणून कुणी मुद्दाम ठरवलं असेल असं मला वाटत नाही. पण परिणाम तोच झाला आहे.

हे तत्त्व आपण पूर्वी मान्य केलेलं होतं, म्हणून हे अधिकच खटकतं. केंद्राच्या अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०१० च्या नियमांत पत्रद्वारे शिकणाऱ्यांची स्पष्ट दखल होती. त्यांना परत न मिळणाऱ्या शुल्काची भरपाई आणि पुस्तकांसाठी वर्षाला १२०० रुपये अशी तरतूद होती. नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याचं आणि त्याच्या पालकांचं मिळून उत्पन्न मर्यादेत असेल तर त्यालाही सक्तीच्या शुल्काची भरपाई मिळू शकत होती. पोस्टाने धडे यायचे तेव्हा जो विद्यार्थी मदतीला पात्र ठरला, तो आता धडे मोबाइलवर येतात म्हणून मदतीबाहेर का राहावा?

पैशाआधी अर्ज येतो, आणि तिथे होणाऱ्या दमणुकीबद्दल फार कमी लिहिलं जातं. २०२४-२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून ऑनलाइन किंवा दूरस्थ अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक भारतीय विद्यार्थ्याला यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाचा डीईबी-आयडी काढावा लागतो. त्यासाठी आधी एबीसी, म्हणजे शैक्षणिक क्रेडिटच्या (पूर्ण केलेल्या अभ्यासाच्या श्रेयांकांच्या) बँकेचा आयडी हवा. तो डिजिलॉकरमधून निघतो आणि डिजिलॉकर आधारला जोडलेला असतो. कल्पना चांगली आहे. बोगस प्रवेशांना आळा बसतो आणि विद्यार्थी कुठल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमात आहे हे सरकारला कळतं. पण आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, तिन्ही बदलण्याची रीत आहे. दहावी-बारावी-पदवीच्या गुणपत्रिका माहेरच्या नावाने, आधार सासरच्या नावाने, पॅनवर कधी हे कधी ते. संगणकाला दोन्ही माणसं वेगळी वाटतात. मग राजपत्रात नावबदल, प्रतिज्ञापत्र, विवाह नोंदणीचा दाखला, सेतू केंद्रातल्या फेऱ्या, आणि तोवर प्रवेशाची मुदत संपते. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिकेचं अख्खं सत्र यात गेलं. वर्षातून दोनदा प्रवेश खुले होतात म्हणून ती पुढच्या सत्रात बसू शकली. पण तोवर घरात 'आता कशाला हा खटाटोप' सुरू झालेलं असतं, आणि पुष्कळ जणींच्या बाबतीत प्रयत्न तिथेच संपतो.

त्यात स्थलांतर प्रमाणपत्र आहे. शिक्षणात खंड पडला असेल तर त्याचं प्रतिज्ञापत्र आहे. शिष्यवृत्तीसाठी प्रयत्न करायचा तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर, जात वैधता. पूर्णवेळ विद्यार्थ्याला कॉलेजात निदान एक शिष्यवृत्तीचा क्लार्क असतो. महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा फॉर्म छाननीत अडकला तर त्याच्या टेबलापाशी जाऊन उभं राहता येतं. ऑनलाइन विद्यार्थ्याला टेबल नाही. एक हेल्पलाइन असते आणि तिच्यावर तिकीट क्रमांक मिळतो.

प्रवेशासाठी मात्र फोन करायला माणसं हजर असतात. एखाद्या संकेतस्थळावर नंबर टाकला की 'काउन्सेलर' म्हणवणाऱ्यांचे फोन सुरू होतात. जागा संपत आल्या आहेत, आज नोंदणी केली तर सवलत आहे, शुल्काची काळजी करू नका, 'नो कॉस्ट ईएमआय' आहे. सरकारी मदत जिथे नाही तिथे ही माणसं बरोबर पोहोचतात. हे सगळे फसवे असतात असं मी म्हणणार नाही. पण हप्त्यांची ही व्यवस्था चालते कशी, हे सही करण्याआधी समजून घ्यायलाच हवं.

नो कॉस्ट ईएमआय ही विद्यापीठाने दिलेली सवलत असेल असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा एक बिगरबँक वित्तसंस्था विद्यार्थ्याच्या नावावर कर्ज मंजूर करते आणि शुल्काची रक्कम, आपला वाटा कापून, विद्यापीठाला किंवा मधल्या कंपनीला एकदम देते. विद्यार्थी वित्तसंस्थेचा कर्जदार होतो. हप्ता पुढच्या महिन्यापासून खात्यातून वळता होऊ लागतो. अभ्यासक्रम आवडला नाही, नोकरी गेली, बाळंतपण आलं, काहीही झालं तरी कर्ज चालूच राहतं. हप्ते चुकले की सिबिल खराब, आणि उद्या घरासाठी किंवा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला गेलं की तिथे अडचण.

आता याच्या शेजारी बँकांचं नेहमीचं शैक्षणिक कर्ज ठेवून पाहा. भारतीय बँक संघाच्या आदर्श योजनेनुसार चार लाखांपर्यंत स्वतःचा वाटा घालावा लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, शिक्षणाचा काळ आणि त्यावर एक वर्ष परतफेडीला सवड असते, आणि फेड पंधरा वर्षांपर्यंत करता येते. शिक्षण हे उद्याच्या कमाईसाठी असतं, म्हणून फेडही उद्याच्या कमाईतून व्हावी, हा त्यामागचा विचार. ऑनलाइन शिकणाऱ्याच्या वाट्याला याच्या नेमकं उलट येतं: शिक्षण संपण्याआधीच कर्ज फिटलेलं असावं अशी रचना. शाखेत जाऊन ऑनलाइन एमएसाठी कर्ज मागितलं तर अनेकदा 'पर्सनल लोन घ्या' हे उत्तर मिळतं, आणि त्याचा व्याजदर सगळ्यांना ठाऊक आहे. प्राप्तिकरात उच्च शिक्षणाच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळते, पण तीही जुन्या करपद्धतीत, आणि कर्ज देणारी संस्था त्या नियमात बसणारी असेल तरच. वैयक्तिक कर्ज घेणाऱ्याच्या हाती तेही लागत नाही.

केंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. तारण आणि जामीनदाराशिवाय कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला ७५ टक्के पतहमी, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जाच्या व्याजात ३ टक्के सवलत. योजना चांगली आहे. पण तिचं दार संस्थेच्या राष्ट्रीय क्रमवारीतून उघडतं. सुरुवातीला ८६० संस्था तिच्यात होत्या. आधीच नामांकित ठिकाणी पोहोचलेल्याला ती आणखी बळ देते. परिस्थितीमुळे तिथे पोहोचू न शकलेल्यांसाठी तशीच दुसरी योजना हवी, आणि ती आज नाही.

यावर तीन आक्षेप घेतले जातात, आणि ते हलके नाहीत.

पहिला, आणि मला सर्वांत गंभीर वाटणारा, असा की ऑनलाइन शिक्षणात बनवाबनवी फार आहे. कोण शिकतं, कोण नुसती पदवी विकत घेतं, कळत नाही. सार्वजनिक पैसा तिथे ओतला तर खासगी विद्यापीठं शुल्क वाढवतील आणि दलाल श्रीमंत होतील. ही भीती रास्त आहे. जानेवारी २०२२ मध्ये खुद्द यूजीसी आणि तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईने विद्यापीठांना बजावलं होतं की एड-टेक कंपन्यांना फ्रँचायझी देऊन पदव्या चालवता येणार नाहीत. पण या आक्षेपाचं उत्तर सरकारच्याच हातात आहे. एबीसीमध्ये प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावावर त्याने मिळवलेली क्रेडिट जमा होतात. तेव्हा शुल्काची भरपाई आगाऊ देऊच नका. पहिल्या सत्राची क्रेडिट जमा झाली की त्या सत्राचं शुल्क थेट विद्यार्थ्याच्या आधारजोडित खात्यात टाका, मग दुसऱ्याचं. जो शिकणार नाही त्याला पैसा जाणार नाही. वर्गातल्या विद्यार्थ्याच्या हजेरीपेक्षा हा पुरावा अधिक पक्का आहे. आणि शुल्क फुगू नये म्हणून भरपाईची कमाल मर्यादा राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठातल्या त्याच अभ्यासक्रमाच्या शुल्काइतकी ठेवा. त्यावरचं ज्याला परवडेल त्याने भरावं.

दुसरा आक्षेप: हे लोक कमावतात, त्यांना मदत कशाला? कमावतात, पण किती, हे पाहायला उत्पन्नाची मर्यादा आहेच. पूर्णवेळ विद्यार्थ्याच्या घरचं उत्पन्न जसं तपासता तसं याचंही तपासा. कमावतो म्हणून मदत नाही, असं म्हणणं म्हणजे ज्याने घर चालवायला शिक्षण थांबवलं त्याला त्याच कारणासाठी पुन्हा दंड करणं. मला हे कधीच पटलेलं नाही.

तिसरा: पैसा कमी आहे, आधी पूर्णवेळ विद्यार्थ्यांची थकलेली शिष्यवृत्ती द्या. ती द्यायलाच हवी, तिच्यातून कापून काही नको. पण इथे लागणारा पैसा बघा. सार्वजनिक मुक्त विद्यापीठातलं एमए किंवा एमकॉम हे राज्याला सगळ्यात स्वस्तात पडणारं पदव्युत्तर शिक्षण आहे: वसतिगृह नाही, इमारत नाही, आणि विद्यार्थी कामावर असल्यामुळे उत्पादन बुडत नाही. शिवाय यूजीसीच्या २०२१ च्या नियमांनुसार 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरच्या अभ्यासक्रमांतून ४० टक्क्यांपर्यंत क्रेडिट मिळवता येतात, आणि ते अभ्यासक्रम शिकायला मोफत आहेत, शुल्क परीक्षेचं. विद्यापीठांनी ही सोय मनापासून राबवली आणि तेवढं शुल्क कमी केलं, तर खर्च आणखी उतरेल. ऑनलाइन शिक्षण स्वस्त करता येतं हे अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकने २०१४ पासून दाखवून दिलं आहे. तिथली संगणकशास्त्राची पूर्ण ऑनलाइन मास्टर्स सात हजार डॉलरच्या आसपास होते, आणि पुण्या-बंगळुरूत नोकरी करता करता ती करणारी मराठी मुलंही आहेत. दर्जा राखून शुल्क खाली आणायचं ठरवलं तर ते जमतं.

इंग्लंडमध्ये २०१६ पासून पदव्युत्तर शिक्षणाला सरकारी कर्ज मिळतं. ते पूर्णवेळ, अर्धवेळ, दूरस्थ अशा सगळ्यांना खुलं आहे. वयाची साठी ओलांडली नसेल तर अर्ज करता येतो, आणि उत्पन्न ठरावीक पातळीच्या वर गेलं तरच त्या वरच्या भागाच्या ६ टक्के दराने फेड सुरू होते. तिथली प्रत्येक गोष्ट आपल्याला जमेल असं नाही, आपल्याकडे उत्पन्नाची नोंदच अर्ध्या लोकसंख्येची नीट नाही. पण चाळिशीतल्या बाईने घरून मास्टर्स करणं ही राज्याने पैसा लावण्याजोगी गोष्ट आहे, एवढा विचार तर आपणही उचलू शकतो. शेजारच्या गोव्यात शिक्षण विकास महामंडळामार्फत उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देण्याची योजना आहे. महाराष्ट्रातही इतर मागासवर्गीय वित्त आणि विकास महामंडळ शैक्षणिक कर्जाच्या व्याजाचा परतावा देतं. यंत्रणा उभी आहे. तिच्यात मान्यताप्राप्त ऑनलाइन आणि दूरस्थ पदव्युत्तर अभ्यासक्रम असा एक स्पष्ट उल्लेख व्हायला हवा.

हे होईपर्यंत अर्ज करणाऱ्यांनी थांबून राहावं असं मी म्हणणार नाही. वय आणि संधी दोन्ही थांबत नाहीत. पण काही गोष्टींत घाई करू नका. यूजीसीच्या दूरस्थ शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर विद्यापीठाचं नाव आहे, एवढ्याने भागत नाही. तुम्हाला हवा तो विषय, तुमच्या प्रवेशाच्या सत्रासाठी, ऑनलाइन पद्धतीने मान्य आहे का हे पाहा. अभियांत्रिकी, कायदा, वैद्यकीय, नर्सिंग, फार्मसी असे अभ्यासक्रम आणि पीएचडी या पद्धतीने करता येत नाहीत. कुणी देऊ करत असेल तर फोन ठेवून द्या. शुल्क विद्यापीठाच्याच खात्यात, विद्यापीठाच्याच पोर्टलवरून भरा. शक्य असेल तर वर्षाचं नको, सत्राचं भरा. कर्ज घ्यायचंच झालं तर रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांनुसार तुम्हाला मुख्य अटींचं पत्रक मिळालंच पाहिजे, त्यात वर्षाचा एकूण खर्च टक्क्यांत लिहिलेला असतो. सही केल्यावर विचार बदलला तर ठरावीक काळात दंड न भरता मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन बाहेर पडण्याचा हक्कही आहे. फोनवरचा माणूस हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि लग्न झालेल्या बहिणींनो, प्रवेशाचा विचार मनात आला त्याच दिवशी नावाच्या कागदांचं काम हाती घ्या, अर्ज सुरू होण्याची वाट पाहू नका.

राज्यापुरतं बोलायचं तर या कामाला नवा कायदा लागत नाही. उच्च व तंत्रशिक्षण, सामाजिक न्याय, इतर मागास बहुजन कल्याण आणि आदिवासी विकास या विभागांनी आपापल्या शुल्क शिष्यवृत्तीच्या शासन निर्णयांत दुरुस्ती केली, महाडीबीटीवर कॅपच्या पत्राऐवजी डीईबी-आयडीचा रकाना दिला, आणि माहेरच्या-सासरच्या नावासाठी विवाह नोंदणीचा दाखला पुरेसा मानला, तर येत्या जुलै-ऑगस्टच्या सत्रापासून हे सुरू होऊ शकतं. सुरुवात करायची तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठापासून आणि राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांच्या दूरस्थ व ऑनलाइन केंद्रांपासून करावी. तिथे दलाल नाहीत, शुल्क आटोक्यात आहे, आणि विद्यार्थी नेमके तेच आहेत ज्यांच्यासाठी ही मदत हवी.